तेजी-मंदीच्या चक्रात साहस भांडवलाची कारकीर्द : रत्नागिरीतील तरुणांसाठी मार्गदर्शन

साहस भांडवल, म्हणजे बोलण्यात रूढ झालेले व्हेंचर कॅपिटल, या क्षेत्रात शिरू पाहणाऱ्या तरुणांचे आणि त्यांच्या पालकांचे प्रश्न बहुधा सारखेच असतात. ही पगाराची नोकरी आहे की धंदा, त्यासाठी कोणती पदवी लागते, तंत्रज्ञानाच्या बाजारात मंदी आली तर नोकरी टिकते का, आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातून तिथवर पोहोचायचे कसे, असे हे प्रश्न आहेत. तेजीच्या काळात या व्यवसायाभोवती मोठे वलय तयार होते, मंदी आली की तोच व्यवसाय जुगार ठरवला जातो, आणि या दोन्ही टोकांमुळे निर्णय घेणाऱ्याचा गोंधळ वाढतो. म्हणून निर्णयाला आवश्यक तेवढीच माहिती, वाटा, धोके आणि हक्क यांची मांडणी येथे केली आहे.

व्यवसायाचे स्वरूप

नव्या, वेगाने वाढू शकणाऱ्या आणि तारण देऊ न शकणाऱ्या कंपनीला कर्ज न देता तिच्या मालकीतील हिस्सा घेऊन जो पैसा पुरवला जातो, त्याला साहस भांडवल म्हणतात. हा पैसा व्यवस्थापकाचा स्वतःचा नसतो. विमा कंपन्या, वित्तसंस्था, उद्योगपती कुटुंबे अशांकडून तो गोळा करून एक फंड उभारला जातो आणि त्याची मुदत साधारण आठ ते दहा वर्षे असते. पहिल्या तीन-चार वर्षांत कंपन्या निवडून पैसा गुंतवायचा, पुढची वर्षे त्या कंपन्यांच्या पाठीशी उभे राहायचे आणि शेवटी हिस्सा विकून मिळालेली रक्कम मूळ गुंतवणूकदारांना परत करायची, असा हा क्रम आहे. हिस्सा विकून बाहेर पडण्याला या क्षेत्रात ‘एक्झिट’ म्हणतात.

भारतात असे फंड भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाच्या, म्हणजे सेबीच्या, देखरेखीखाली चालतात. त्यांच्यासाठी पहिले स्वतंत्र नियम १९९६ मध्ये आले आणि २०१२ मध्ये त्यांची जागा पर्यायी गुंतवणूक निधीविषयीच्या नियमांनी घेतली. आता साहस भांडवलाचे फंड या नियमांच्या पहिल्या वर्गात मोडतात.

या रचनेतून एक गोष्ट उघड होते. ज्या व्यवसायात एका फंडाचा निकाल लागायला दहा वर्षे जातात, तिथे एका माणसाच्या कारकिर्दीत पूर्ण झालेले फंड मोजकेच असतात. त्यामुळे या कारकिर्दीचे मोजमाप वर्षात नव्हे तर दशकात करावे लागते, आणि दशकभरात एक तरी मंदी येणारच, हे गृहीत धरूनच आखणी करावी लागते.

तेजी-मंदीची आवर्तने

गेल्या तीन दशकांतील तीन मोठी वळणे प्रत्येक उमेदवाराला माहीत असली पाहिजेत.

- २००० चा फुगा : इंटरनेट कंपन्यांच्या तेजीत अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक १० मार्च २००० रोजी ५,००० च्या वर बंद झाला आणि ऑक्टोबर २००२ पर्यंत तो सुमारे ७८ टक्क्यांनी कोसळला. २००० मधील ती पातळी पुन्हा गाठायला त्याला २०१५ साल उजाडावे लागले. मुंबईत सुरू झालेल्या रेडिफ या इंटरनेट कंपनीची नॅसडॅकवरील नोंदणी जून २००० मधली, म्हणजे घसरण सुरू झाल्यानंतरची आहे.
- २००८ चे वित्तीय संकट : सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडाली आणि नव्या गुंतवणुकीचा ओघ आटला. पण माहितीचे संरक्षण करणारी पुण्यातील ड्रुवा ही कंपनी त्याच वर्षी स्थापन झाली आणि २०१९ मध्ये तिचे मूल्यांकन १ अब्ज डॉलरच्या पुढे गेले.
- २०२१ ची तेजी आणि त्यानंतरचा दुष्काळ : भारतातील साहस भांडवलाची गुंतवणूक २०२१ मध्ये सुमारे ३८ अब्ज डॉलरवर पोहोचली आणि २०२३ मध्ये १० अब्जांच्या आत आली. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन मिळालेल्या बायजूज या ऑनलाइन शिक्षण कंपनीविरुद्ध जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि प्रोसस या मोठ्या गुंतवणूकदाराने आपल्या हिश्श्याचे मूल्य शून्य धरले.

यांतून निघणारा अर्थ असा की तेजीत केलेली गुंतवणूक महाग पडते आणि मंदीत केलेली स्वस्त मिळते. परंतु नोकऱ्या मात्र तेजीत निघतात आणि मंदीत आटतात. नवख्या उमेदवाराची खरी अडचण या उलट्या नात्यात आहे.

एका कारकिर्दीचा नकाशा

भारतातील या व्यवसायाच्या पहिल्या पिढीतील किरण नाडकर्णी यांची वाटचाल या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया यांनी १९८८ मध्ये बंगळुरूत टीडीआयसीआय ही साहस भांडवल पुरवणारी कंपनी काढली, तेव्हा भारतात या विषयाचे नियमही नव्हते आणि हा शब्दही फारसा कोणाला माहीत नव्हता. नाडकर्णी त्या संस्थेत घडले. १९९५ च्या सुमारास अमेरिकेतील बिल ड्रेपर यांनी भारतात गुंतवणूक करण्यासाठी ड्रेपर इंटरनॅशनल हा फंड उभारला, तेव्हा भारतातील कामासाठी त्यांनी नाडकर्णींना घेतले, आणि रेडिफच्या आरंभीच्या गुंतवणूकदारांत या फंडाचा समावेश होता. पुढे २००० मध्ये नाडकर्णींनी सहकाऱ्यांसह जंपस्टार्टअप हा नवा फंड उभारला, आणि नेमक्या त्याच वर्षी बाजार कोसळला.

या नकाशात तीन टप्पे स्पष्ट दिसतात : एका मोठ्या संस्थेत शिक्षण, अनुभवी परदेशी गुंतवणूकदाराबरोबर काम आणि मग स्वतःचा फंड. तिसऱ्या टप्प्याचे वर्ष कोणालाही निवडता येत नाही. पहिल्या दोन टप्प्यांत कमावलेली पारख आणि विश्वास मात्र ते वर्ष वाईट निघाले तरी हातात राहतो.

महाराष्ट्रातील एका गुंतवणुकीकडे पाहिले तर काळाचा हा हिशेब अधिक कळतो. आनंद देशपांडे यांनी पुण्यात १९९० मध्ये पर्सिस्टंट सिस्टिम्स सुरू केली, २००५ मध्ये तिच्यात नॉर्वेस्ट व्हेंचर पार्टनर्स आणि गॅब्रिएल व्हेंचर पार्टनर्स यांनी गुंतवणूक केली, आणि कंपनीचे समभाग सार्वजनिक विक्रीला आले ते २०१० मध्ये. मधल्या काळात २००८ ची मंदी येऊन गेली होती. ज्या कंपनीला ग्राहकांकडून नियमित उत्पन्न होते, ती मंदी ओलांडून बाजारात आली. गुंतवणूकदाराला मात्र त्यासाठी पाच वर्षे धीर धरावा लागला.

उत्पन्नाचा हिशेब

या क्षेत्रातील उत्पन्नाविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत, म्हणून एक काल्पनिक उदाहरण पूर्ण सोडवून पाहणे हिताचे आहे. फंड १०० कोटी रुपयांचा आहे, सगळा पैसा पहिल्या दिवशी आला आणि सगळी परतफेड दहाव्या वर्षाच्या अखेरीस झाली, असे सोयीसाठी मानू.

- व्यवस्थापन शुल्क : दरवर्षी २ टक्के, म्हणजे २ कोटी रुपये. पगार, कार्यालय, प्रवास आणि कायदेशीर खर्च यांतूनच भागतात. दहा वर्षांत हे शुल्क २० कोटी होते, म्हणजे कंपन्यांमध्ये प्रत्यक्ष जाणारा पैसा ८० कोटीच उरतो.
- किमान परतावा : व्यवस्थापकाला नफ्यात वाटा मिळण्यापूर्वी मूळ गुंतवणूकदारांना बहुधा चक्रवाढीने वार्षिक ८ टक्के द्यावे लागतात. दहा वर्षांनंतर ही रक्कम मुद्दलासह सुमारे २१६ कोटी होते.
- नफ्यातील वाटा : ही मर्यादा ओलांडली की व्यवस्थापकाला एकूण नफ्याच्या २० टक्के मिळू शकतात, या वाट्याला ‘कॅरी’ म्हणतात. फंडाने २५० कोटी परत मिळवले तर नफा १५० कोटी आणि कॅरी ३० कोटी.
- नवख्याच्या हाती येणारे : कनिष्ठ सहकाऱ्याला त्या कॅरीतील अर्धा टक्का ठरला असेल, तर दहा वर्षांनी त्याला १५ लाख रुपये मिळतील.

याच उदाहरणात फंडाने २०० कोटी परत मिळवले, म्हणजे पैसा दुप्पट केला, तर रक्कम २१६ कोटींच्या खाली राहिल्याने कॅरी शून्य होते. म्हणून घरखर्च, शैक्षणिक कर्जाचे हप्ते आणि आईवडिलांची जबाबदारी यांचा हिशेब फक्त पगारावर मांडावा आणि कॅरीला त्यात स्थान देऊ नये.

प्रवेशाच्या वाटा

भारतात या क्षेत्रात थेट महाविद्यालयातून होणाऱ्या नेमणुका थोड्या असतात. फंडाचा चमू लहान असतो आणि जागा क्वचित निघतात. व्यवहारात पुढील वाटा दिसतात.

1. नवउद्योगात आधी काम : मुंबई-पुण्यातील वाढत्या कंपनीत उत्पादन, विक्री किंवा वित्त विभागात चार-पाच वर्षे काम करणे. पगार वेळेवर देता न येणारी कंपनी आतून पाहिलेला माणूस पुढे उद्योजकाची भाषा समजू शकतो.
2. लेखापरीक्षण आणि वित्त : सनदी लेखापाल किंवा गुंतवणूक बँकेतील विश्लेषक म्हणून सुरुवात करणे. ताळेबंद वाचण्याचे कौशल्य तेजीपेक्षा मंदीत अधिक उपयोगी पडते.
3. एखाद्या क्षेत्राचे सखोल ज्ञान : रत्नागिरीचे विद्यार्थी येथे मागे नाहीत. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि रत्नागिरीतील फिनोलेक्स अकादमी यांतून मिळणारे मत्स्य, फलोत्पादन आणि अभियांत्रिकीचे ज्ञान शेती, अन्न व सागरी तंत्रज्ञानात गुंतवणूक करणाऱ्या फंडांना हवे असते. मुंबईतील ऑम्निव्होर हा फंड शेतीशी निगडित तंत्रज्ञानात, तर २००१ मध्ये विनीत राय यांनी सुरू केलेला आविष्कार समूह ग्रामीण व निमशहरी उद्योगांत गुंतवणूक करतो.
4. उद्योगसंवर्धन केंद्रे : नव्या कंपन्यांना जागा, सल्ला आणि आरंभीचा निधी मिळवून देणाऱ्या संस्था, म्हणजे इन्क्युबेटर. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या परिसरातील व्हेंचर सेंटर आणि मुंबईच्या आयआयटीतील साइन ही महाराष्ट्रातील परिचित नावे आहेत. तेथील कामात वर्षाला अनेक उद्योजक जवळून पाहायला मिळतात.

घरी बसून करण्याजोगी तयारी

पदवीपेक्षा पारख मोठी, आणि पारख सरावाने येते. त्यासाठी रत्नागिरी सोडण्याची गरज नाही.

1. माहितीपत्रके वाचावीत. समभाग विकण्यापूर्वी कंपनीने सेबीकडे दिलेले माहितीपत्रक सर्वांना विनामूल्य वाचता येते. पर्सिस्टंटचे २०१० चे आणि फर्स्टक्राय चालवणाऱ्या पुण्याच्या ब्रेनबीज सोल्युशन्सचे २०२४ चे अशी दोन माहितीपत्रके शेजारी ठेवून कोणत्या गुंतवणूकदाराने कधी आणि कोणत्या भावाने हिस्सा घेतला, याचा तक्ता स्वतः मांडावा.
2. जवळच्या धंद्यावर गुंतवणूक-टिपण लिहावे. काजूप्रक्रियेचा कारखाना घ्या. चार किलो बीपासून साधारण एक किलो गर मिळतो, बी मार्च ते मे या काळात विकत घ्यावी लागते आणि गर वर्षभर विकला जातो. म्हणजे वर्षाचे भांडवल तीन महिन्यांत अडकते. मालकाला अख्खा गर किती निघतो, तुकडा किती निघतो आणि उधारी किती दिवसांची असते, हे विचारावे. असा कारखाना सचोटीने चालला तरी दहा वर्षांत पन्नासपट होत नाही, म्हणून त्याला बँकेचे कर्ज योग्य आणि साहस भांडवल अयोग्य. पण गराची प्रतवारी करणारे यंत्र बनवून ते कोकणापासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत विकू पाहणारी कंपनी मात्र साहस भांडवलाच्या कक्षेत येऊ शकते. हा भेद दहा टिपणे लिहिल्यावर आपोआप दिसू लागतो.
3. प्रमाणपत्र मिळवावे. राष्ट्रीय प्रतिभूती बाजार संस्था, म्हणजे एनआयएसएम, पर्यायी गुंतवणूक निधीविषयीच्या परीक्षा घेते आणि फंडाच्या मुख्य गुंतवणूक चमूत अशी परीक्षा उत्तीर्ण झालेली किमान एक व्यक्ती असणे सेबीने आवश्यक केले आहे. या संस्थेचे संकुल रायगड जिल्ह्यात पाताळगंगा येथे, म्हणजे कोकणातच आहे.
4. निर्णयवही ठेवावी. कोणती कंपनी टिकेल आणि कोणती नाही, याचे भाकीत तारीख घालून लिहावे आणि दोन वर्षांनी तपासावे. स्वतःच्या चुकांची अशी लेखी नोंद मुलाखतीत कोणत्याही पदवीपेक्षा अधिक बोलते.

नेमणूक स्वीकारण्यापूर्वी विचारण्याचे प्रश्न

- फंडाची सेबीकडे नोंदणी आहे का? नोंदणीकृत फंडांची यादी सेबीच्या संकेतस्थळावर पाहता येते. नाव नसेल तर तिथेच थांबावे.
- फंडाचे हे कितवे वर्ष आहे? आठव्या वर्षी असलेल्या आणि पुढचा फंड उभा न राहिलेल्या संस्थेत शुल्क आटत जाते आणि नोकरीही.
- मूळ गुंतवणूकदारांना रोख किती परत मिळाली? कागदावरील मूल्यांकन आणि हाती आलेली रोकड या वेगळ्या गोष्टी आहेत. तेजीत पहिला आकडा फुगतो, मंदीत दुसराच खरा ठरतो.
- भागीदारांचा स्वतःचा पैसा किती आहे? पहिल्या वर्गातील फंडात प्रवर्तकाने किंवा व्यवस्थापकाने निधीच्या अडीच टक्के किंवा ५ कोटी रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी कायम गुंतवून ठेवावी लागते. १०० कोटींच्या फंडात ही रक्कम अडीच कोटी होते.
- मागील मंदीत भागीदारांनी काय केले? कोणत्या कंपन्यांना पुन्हा पैसा दिला आणि कोणत्यांचा हात सोडला, याचे उत्तर नावानिशी मिळायला हवे.

करारातील हक्क

1. कॅरी लेखी असावी. तोंडी आश्वासनाला मंदीत अर्थ उरत नाही. किती टक्के, कोणत्या फंडातून आणि किती वर्षांच्या नोकरीनंतर ती पक्की होते, हे पत्रात असावे.
2. नोकरी सोडल्यावरची अट वाचावी. राजीनामा, कपात आणि गैरवर्तनामुळे बडतर्फी, या तिन्ही प्रसंगांत पक्क्या झालेल्या वाट्याचे काय होते, हे वेगवेगळे लिहून घ्यावे.
3. परतफेडीचे कलम समजून घ्यावे. आधी दिलेली कॅरी पुढील तोट्यामुळे परत मागण्याची तरतूद असू शकते. ती असल्यास मिळालेली रक्कम लगेच खर्च करू नये.
4. स्पर्धाबंदीला घाबरू नये. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सोडल्यानंतर त्याच व्यवसायात काम करण्यास मनाई करणारी अट सर्वसाधारणपणे निरर्थक ठरते. गोपनीयतेची अट मात्र बंधनकारक राहते, आणि करार परदेशी कायद्याखाली असल्यास वकिलाचा सल्ला घ्यावा.
5. गोपनीय माहितीचे बंधन पाळावे. सूचिबद्ध कंपनीविषयी कामातून कळलेली अप्रकाशित माहिती वापरून समभाग घेणे हा सेबीच्या २०१५ च्या नियमांचा भंग आहे. नातेवाइकाला ती सांगणेही त्यातच येते.

तेजीतील चुका, मंदीतील कामे

तेजीनंतर मंदी येते, हे कोकणातील बागायतदाराला सांगावे लागत नाही. हापूस एका वर्षाआड भरून येतो, आणि दरवर्षी मोहोर यावा म्हणून कल्टार घातलेल्या झाडाला खतपाणी कमी पडले तर पुढे झाडच थकते. तेजीतील स्वस्त पैसा असाच काम करतो : कंपनीला अवकाळी मोहोर येतो, फळ धरण्याची ताकद मात्र आलेली नसते.

तेजीत टाळाव्यात अशा तीन चुका आहेत : शेजारच्या फंडाने पैसा घातला म्हणून आपणही घालणे, दोन दिवसांत तपासणी उरकणे, आणि कागदी नफ्यावर विसंबून घराचे मोठे कर्ज काढणे. मंदीत करायची कामेही तीनच आहेत. अडचणीतील कंपन्यांच्या संस्थापकांचे फोन उचलणे, खर्च कमी करताना त्यांच्यासोबत आकड्यांवर बसणे आणि नवे, कमी भावातले उद्योग शोधत राहणे. मंदीत सरळ वागलेल्या गुंतवणूकदाराचे नाव उद्योजक एकमेकांना सांगतात, आणि पुढच्या तेजीत चांगली कंपनी त्याच्याकडे आपणहून येते.

स्वतःपुरती एक व्यवस्था आधीच करून ठेवावी. किमान बारा महिन्यांचा घरखर्च सुरक्षित ठेवीत असावा आणि गरज पडल्यास परतता येईल असे दुसरे कौशल्य, मग ते लेखापरीक्षण असो, अभियांत्रिकी असो की मत्स्यविज्ञान, जिवंत ठेवावे.

ही वाट कोणी धरू नये

ज्यांच्यावर लगेच मोठ्या रकमेची कौटुंबिक जबाबदारी आहे, ज्यांना आपल्या निर्णयाचा निकाल वर्षभरात हवा असतो, आणि दहांपैकी सहा-सात निर्णय चुकले तर ज्यांची झोप उडते, त्यांनी बँकिंग, लेखापरीक्षण किंवा स्वतःचा उद्योग निवडावा. त्यात कमीपणा काहीच नाही. ज्यांना नव्या गोष्टी समजून घेण्याची ओढ आहे आणि दुसऱ्याच्या कष्टाला बळ देण्यात समाधान वाटते, त्यांनी मात्र रत्नागिरीत राहतो म्हणून मागे हटू नये. तेजीचे वर्ष शोधत बसण्यापेक्षा एक क्षेत्र नीट शिकून घ्या, करार लेखी घ्या आणि एक मंदी निभेल एवढी शिल्लक गाठीला ठेवा. पहिले टिपण गावातल्याच एखाद्या कारखान्यावर, याच आठवड्यात लिहायला घ्या.